अवघड की किचकट?

मागच्या दिवाळीत भाच्यानं माझ्या हातात कंट्रोलर दिला. गेम होता २०१८चा 'रेड डेड रिडेम्प्शन २'. काळ १८९९चा, अमेरिकेतले घोडे, बंदुका, धुळीचे रस्ते. व्हॅलेंटाइन नावाच्या गावात मी घोड्यावरून उतरलो. समोरून एक भला माणूस येत होता. त्याला रामराम करावा म्हणून भाच्यानं सांगितलेलं एल-टू बटण दाबलं, तर पडद्यावरच्या माझ्या गड्यानं थेट त्याच्यावर बंदूक रोखली. तो पळाला. मी गडबडून आणखी एक बटण दाबलं आणि गोळी सुटली. थोड्याच वेळात सगळं गाव माझ्या मागे.

"मामा, अरे बंदूक आधी खोचून ठेवायची! हातात हत्यार असेल तर एल-टू म्हणजे नेम. नसेल तर एल-टू म्हणजे बोलणं."

मी म्हटलं, फारच अवघड झालेत बाबा हे गेम. त्यावर तो म्हणाला, "एइम असिस्ट, म्हणजे नेमाला गेमची मदत, वाढवून देऊ का?"

आता नेम सुधारून मी काय करणार होतो? नेम अचूकच लागला होता, फक्त नको त्या माणसाला.

विचार केल्यावर लक्षात आलं, की चूक त्याच्या उपायात नव्हती, माझ्या शब्दात होती. मी 'अवघड' म्हणालो आणि मला म्हणायचं होतं 'किचकट'. मल्लखांब अवघड असतो. काय करायचं ते पहिल्या दिवशीच दिसतं: खांबावर चढायचं, उलटं व्हायचं, तोल धरायचा. अंग ऐकत नाही, एवढीच अडचण. वारसाची नोंद करायला तलाठ्याकडे जाणं किचकट असतं. त्यातलं एकही काम कष्टाचं नाही. पण कुठला कागद आधी, कुठला नंतर, कुणाची सही कुठे, याचा पत्ता लागत नाही. अवघड गोष्टीत मन पुढे असतं आणि हात मागे पडतो. किचकट गोष्टीत हात तयार असतो, पण कशावर ठेवायचा हे मनाला ठाऊक नसतं.

हे दोन शब्द सुटे केले, की 'आजचे गेम फार अवघड झालेत' ही आमच्या पिढीची तक्रार कोसळते. अवघड तर आमचे गेम होते.

नव्वदीत ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपये घातलेत त्यांना 'मुस्तफा' सांगावा लागत नाही. कॅपकॉम कंपनीच्या १९९३च्या त्या मशीनवर नाव होतं 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. पण पिवळ्या टोपीच्या मुस्तफावरून आपण अख्ख्या गेमचं बारसं केलं. बटणं दोन, एक मारायचं, एक उडी. दोन्ही एकदम दाबली की गरकन फिरून मारणारा स्पेशल, त्यात थोडी लाइफ जायची. संपलं शिक्षण. पाठीमागे उभं राहून दोन मिनिटं पाहिलं तरी सगळं कळायचं, आणि तरी एका नाण्यात शेवटच्या बॉसपर्यंत जाणारा मुलगा गल्लीत एखादाच असायचा. यामागे साधं दुकानदारीचं गणित होतं. खेळणारा मेला नाही तर पुढचं नाणं पडत नाही. पण नियम समजलेच नाहीत तर तो पहिलंही नाणं टाकत नाही. म्हणून पार्लरचा गेम शिकायला सोपा आणि जिंकायला दुष्ट असावा लागे. १९७२च्या 'पाँग'च्या मशीनवर खेळायची मुख्य सूचना जवळजवळ एवढीच होती: चेंडू चुकवू नका.

घरी टीव्हीला जोडायचे गेम आले तरी ती दुष्टाई टिकली. 'काँट्रा'त एक गोळी लागली की एक लाइफ गेली. अमेरिकी आवृत्तीत त्यावर तीस लाइफचा प्रसिद्ध उतारा होता: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. मुळात हा मंत्र 'ग्रेडियस' घरच्या मशीनवर आणताना कोनामी कंपनीच्या प्रोग्रॅमरनं स्वतःसाठी घातला होता, कारण चाचणी घेताना त्यालाच तो गेम झेपेना. गंमत अशी, की त्या दोन बटणांच्या जगात सगळ्यात किचकट गोष्ट हा उताराच होता.

वरून पडणारे ठोकळे रचायच्या 'टेट्रिस'चं तर काय सांगावं. नियम पाच वर्षांच्या पोराला समजतात. पण निन्टेन्डोच्या १९८९च्या आवृत्तीला, मशीनच गोठून थांबेल इतक्या लांबवर माणूस पहिल्यांदा पोहोचला तो डिसेंबर २०२३मध्ये, लेव्हल १५७वर. तेरा वर्षांचा अमेरिकन मुलगा होता. ३४ वर्षं लागली, आणि त्यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं.

मग किचकटपणा आला कुठून? लोक बटणं मोजतात. अटारी २६००च्या जॉयस्टिकला १९७७मध्ये एकच बटण होतं, निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉमला दिशा द्यायचा फुलीचा डी-पॅड आणि खेळायची दोन, १९९०च्या सुपर फॅमिकॉमला खेळायची सहा, १९९४च्या पहिल्या प्लेस्टेशनला आठ. १९९७च्या ड्युअलशॉक या प्लेस्टेशनच्याच कंट्रोलरमध्ये दोन काठ्या आल्या आणि त्या काठ्याही दाबता येतात हे कुणी न सांगता कुणालाच कळलं नाही. (मला दिवाळीत कळलं.) पण त्यानंतर? आजचा कंट्रोलर त्या ड्युअलशॉकशेजारी ठेवून बघा. टचपॅड आणि एखाद-दुसरं किरकोळ बटण सोडलं तर खेळायची बटणं जवळपास तेवढीच आहेत.

बटणं नाही, बटणांचे अर्थ वाढले. २०२२च्या 'एल्डन रिंग'मध्ये गोल बटण चालताना टिचकीसारखं दाबलं तर माणूस कोलांटी मारतो, उभ्याउभ्या दाबलं तर मागे सरकतो, दाबून धरलं तर धावतो. तलवार दोन्ही हातांत धरायची तर त्रिकोण दाबून ठेवून वरचं आर-वन. एल-टूनं मला गावाबाहेर काढलं तेही असंच. बटण एकच, पण हातात काय आहे त्यावर त्याचा अर्थ पालटणारं. म्हणजे बोटांना नुसती जागा पाठ असून भागत नाही, प्रसंगही ओळखावा लागतो. मराठीत 'लावणे' हे एकच क्रियापद दिवा लावणे, दार लावणे आणि नाट लावणे अशी तीन कामं करतं, तसं. आपल्याला त्याचा त्रास होत नाही, कारण आपण त्यात वाढलो. नवख्याला होतो.

दुसरं कारण कॅमेरा. मारिओ काय, मुस्तफा काय, सपाट पडद्यावरचे. कुठून बघायचं ते गेम ठरवायचा. त्रिमितीत डाव्या अंगठ्यानं चालायचं आणि उजव्यानं मान वळवायची. कधीच न खेळलेल्या माणसाला कंट्रोलर देऊन पाहा. तो आभाळाकडे तोंड करून भिंतीत चालत राहतो. माझी ताई दहा मिनिटं तशीच चालली आणि मग "मला नाही जमत हे" म्हणून फराळाकडे वळली. तिला कुठल्याही शत्रूनं हरवलं नव्हतं. शत्रूपर्यंत ती पोहोचलीच नव्हती.

म्हणूनच 'ईझी मोड' हे बऱ्याचदा चुकीच्या दुखण्यावरचं औषध ठरतं. त्यानं शत्रू दुबळे होतात, तुमची लाइफ वाढते. पण कुठलं बटण हेच आठवत नसेल, तर दुबळा शत्रूही तसाच समोर उभा राहतो. उलट, नियंत्रण सोपं करून खेळ अवघडच ठेवता येतो. याचा मला माहीत असलेला सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे २०२३चा 'स्ट्रीट फायटर ६'. जुन्या पद्धतीत हातातून आगीचा गोळा सोडायला काठी खाली, तिरकी, पुढे फिरवून ठोशाचं बटण दाबावं लागे. पार्लरमध्ये याच एका हालचालीवर हातांना फोड यायचे. नव्या गेममध्ये 'क्लासिक'शेजारी 'मॉडर्न' नावाचा पर्याय आहे. तोच गोळा एका बटणानं निघतो. मात्र असा शॉर्टकट वापरला तर फटका वीस टक्के कमी लागतो. समोरचा कधी उडी मारेल, कधी अडवायचं, किती अंतर ठेवायचं, हे सगळं तेवढंच अवघड राहतं. किचकटपणा तेवढा बाजूला काढला. जुने खेळाडू कुरकुरले, ते स्वाभाविक आहे. फोड त्यांच्या हातांना आले होते.

किचकट म्हणजे वाईट असं मात्र नाही. विमानाच्या सिम्युलेटरमध्ये माणूस बटणांसाठीच बसतो. शंभर खटके नसते तर त्याला कॉकपिट कोण म्हणेल? आणि आपल्याकडची बहुतेक पोरं ज्या 'बीजीएमआय' या मोबाइलवरच्या बंदूकबाजीच्या गेमवर वाढली, तो काही सुटसुटीत नाही. काचेवर बटणांची नुसती चित्रं, स्पर्शाला काहीच नाही, तरी चार बोटांचा क्लॉ, म्हणजे पंजा, करून, वर फोन तिरपा करत जायरोनं, म्हणजे फोनचा कल ओळखणाऱ्या सेन्सरनं, नेम धरणारी मुलं नाक्यानाक्यावर दिसतात. त्यांना ते किचकट वाटत नाही, कारण ती मित्राशेजारी बसून एकेक बोट शिकली. माझा राग खरं तर शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. घोडा पळतोय, दोघं गप्पा मारताहेत आणि त्याच वेळी कोपऱ्यात चार सेकंद एक सूचना झळकून जाते. ती वाचायची, की रस्ता बघायचा?

दोन्हींतला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे: गेम दोन महिने बंद ठेवायचा. अवघड गेम परत उघडला की हात जरा जड वाटतो, दोन-चारदा मरतो, गाडी रुळावर येते. किचकट गेम उघडला की आपण परक्या घरात शिरल्यासारखे होतो.

भाचा इंजिनीअरिंगला आहे. सेमिस्टर आटोपल्यावर दोन महिन्यांनी त्यानं तोच गेम माझ्यासमोर सुरू केला, ऐटीत गावात शिरला, वाटेतल्या एका म्हातारबाबांना रामराम करायला गेला आणि त्यांच्यावर बंदूक रोखून बसला.

"एइम असिस्ट वाढवून देऊ का रे?" मी विचारलं.