चासी क्रमांक (दुचाकी)

चासी क्रमांक : मोटारसायकल, स्कूटर व मोपेड यांच्या सांगाड्यावर कारखान्यातच ठोकलेला, अक्षरे व अंक मिळून सतरा चिन्हांचा ओळख क्रमांक. तांत्रिक लेखनात यास ‘वाहन ओळख क्रमांक’ किंवा आद्याक्षरांवरून ‘व्हीआयएन’ म्हणतात. नोंदणी क्रमांक, म्हणजे पाटीवरचा नंबर, राज्य बदलले की बदलतो. चासी क्रमांक गाडी भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात सेकंडहँड गाडीच्या व्यवहारातला पहिला प्रश्न ‘कुठल्या पासिंगची?’ हाच असतो. एकच गाडी आयुष्यात दोन पासिंग पाहू शकते, म्हणून येथे या भेदाला इतर ठिकाणांपेक्षा अधिक महत्त्व आहे.

‘चासी’ या शब्दाचे मूळ फ्रेंच असून तो ‘पेटी, चौकट’ या अर्थाच्या लॅटिन ‘काप्सा’ शब्दापर्यंत नेला जातो. मराठीत त्याची किमान चार रूपे आढळतात : चासी, चेसी, चेसिस आणि क्वचित शासी. मूळ उच्चार ‘शासी’ याला जवळचा. इंग्रजीतही शेवटचा ‘स’ उच्चारत नाहीत. ‘चेसिस’ हे रूप सर्वस्वी स्पेलिंगवरून वाचलेले आहे. ‘चासी’ हे मात्र अर्धे वाचलेले व अर्धे ऐकलेले रूप दिसते : सुरुवातीचा ‘च’ कागदावरून आला आणि अखेरचा ‘स’ गॅरेजमध्ये गळाला. कन्नडमध्येही ‘चासी संख्ये’ असेच म्हणतात, त्यामुळे बेळगावच्या गॅरेजमध्ये मराठी व कन्नड गिऱ्हाइकांसाठी मिस्त्रीला शब्द बदलावा लागत नाही. प्रस्तुत नोंदीत हेच रूप स्वीकारले आहे.

उगम : या क्रमांकाचा आरंभ कोणता मानावा याविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकेतील मोटार उत्पादकांनी १९५४ च्या सुमारास असे क्रमांक देण्यास सुरुवात केली, म्हणून अनेक संदर्भग्रंथ तेच वर्ष देतात. परंतु त्या काळच्या क्रमांकांना ठरावीक लांबी नव्हती आणि प्रत्येक कारखान्याची रीत निराळी होती. दुसरे मत आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेच्या (आयएसओ) मानकांना आरंभ मानते. रचनेसंबंधीचे ‘आयएसओ ३७७९’ आणि उत्पादक संकेतासंबंधीचे ‘आयएसओ ३७८०’ ही मानके १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकारास आली. नेमक्या वर्षाबाबत संदर्भग्रंथांत तफावत आहे. अमेरिकेने सतरा चिन्हांची सक्ती १९८१ च्या मॉडेलपासून केली. आज आपण ज्याला चासी क्रमांक म्हणून वाचतो त्याची सुरुवात या मानकांपासून धरणे अधिक युक्त वाटते. आधीचे क्रमांक फार तर त्याचे पूर्वज म्हणता येतील.

दुचाकीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. सांगाड्याऐवजी इंजिनावरचा क्रमांक हीच गाडीची कायदेशीर ओळख मानण्याची प्रथा बराच काळ होती. हार्ले-डेव्हिडसनच्या १९६९ पर्यंतच्या मोटारसायकलींवर ओळख क्रमांक केवळ इंजिनावर असे. सांगाड्यावर तो १९७० च्या मॉडेलपासून आला. इंजिन चार बोल्ट सोडून बदलता येते, सांगाडा सहसा बदलत नाही, हे या स्थित्यंतरामागचे साधे कारण. आजही इंजिन क्रमांक वेगळा असतो व तो क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या धातूच्या कवचावर, सापडतो. नोंदणीत दोन्ही लिहिले जातात, पण निवाडा चासीवर होतो.

रचना : सतरा स्थानांचे तीन गट पडतात. पहिली तीन स्थाने उत्पादकाची, चौथे ते नववे वाहनाच्या वर्णनाची आणि दहावे ते सतरावे त्या एका गाडीची. या तिन्ही गटांची विश्वासार्हता सारखी नाही, हे वाचणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे.

पहिला गट सर्वांत भरवशाचा, कारण तो कारखान्याच्या मर्जीवर नसतो. ‘एसएई इंटरनॅशनल’ ही अमेरिकी संस्था आयएसओच्या वतीने देशवार संकेतांची नोंद ठेवते. ‘जे’ ते ‘आर’ ही आद्याक्षरे आशियाची असून ‘एमए’ ते ‘एमई’ हा पट्टा भारताकडे आहे. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या यातून ओळखता येतात : ‘एमडी२’ बजाज ऑटो, ‘एमडी६’ टीव्हीएस, ‘एमई१’ यामाहा, ‘एमई३’ रॉयल एनफील्ड, ‘एमई४’ होंडा, ‘एमबी८’ सुझुकी. ‘एमबीएल’ हा हीरोचा संकेत. हीरो व होंडा वेगळे झाले, २०११ मध्ये कंपनीचे नाव ‘हीरो मोटोकॉर्प’ झाले, तरी टाकीवरचे नाव बदलले तसा हा संकेत बदलला नाही. अत्यल्प उत्पादन करणाऱ्या कारखान्यांच्या बाबतीत तिसऱ्या स्थानी ‘९’ येतो आणि त्यांची खरी ओळख बारा ते चौदा या स्थानांवर जाते.

दुसऱ्या गटात मॉडेल, इंजिनाची क्षमता, ब्रेक, स्टार्टरचा प्रकार इत्यादी गोष्टी उत्पादक आपल्या सांकेतिक भाषेत लिहितो. ही भाषा कंपनीगणिक वेगळी असते व ती उलगडण्यास त्या कंपनीचा तक्ताच लागतो.

संपूर्ण क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही तीन रोमन अक्षरे कधीही वापरत नाहीत, कारण ती एक व शून्य या अंकांसारखी दिसतात. उरतात तेवीस अक्षरे व दहा अंक. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण व्यवहारात सर्वांत उपयोगी हाच. चासी क्रमांकातला प्रत्येक गोल शून्यच असतो. आरसी किंवा विमापत्रात तिथे ‘ओ’ छापलेला दिसला तर चूक टंकणाऱ्याची, गाडीची नव्हे. फोनवर क्रमांक सांगताना आपण सर्रास ‘ओ’ म्हणतो आणि पलीकडचा तेच टंकतो. अपघातानंतर विम्याचा दावा अशा एका अक्षरापायी अडकून राहतो. पाच व एस, आठ व बी, दोन व झेड या जोड्यांना मात्र असे संरक्षण नाही. त्या डोळ्यांनीच तपासाव्या लागतात.

ताळा अंक : नवव्या स्थानाविषयी गैरसमज फार आहेत. उत्तर अमेरिकेत तेथे ताळा अंक, म्हणजे बाकीचा क्रमांक बरोबर लिहिला आहे की नाही हे पडताळणारा अंक, सक्तीचा आहे. त्याची रीत अशी : अक्षरांना अंकमूल्ये देतात (ए १, बी २, एच ८; जेपासून पुन्हा १, म्हणून एन ५, पी ७, आर ९; एसपासून २, झेड ९). पहिल्या आठ स्थानांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २, १० असे भार असतात, नवव्यास ०, आणि पुढील आठांना ९ पासून २ पर्यंत. मूल्य व भार यांचे गुणाकार मिळवून बेरजेस ११ ने भागल्यावर उरणारी बाकी हाच ताळा अंक. बाकी १० आल्यास ‘एक्स’ लिहितात. सतराही स्थानी १ घेतला तर बेरीज ८९ येते, ११ ने भागून बाकी १ उरते आणि नवव्या स्थानी १ आहेच. म्हणून हा क्रमांक नियमात बसतो. शिकाऊ मुलांना तो वहीवर करून पाहता येईल.

भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकीला हा ताळा लागलाच पाहिजे असे बंधन नाही. नववे स्थान येथे उत्पादक आपल्या वर्णनासाठी वापरू शकतो. परदेशी धर्तीची मोबाइल ॲप्स भारतीय क्रमांक ‘अवैध’ ठरवतात ती याच कारणाने. त्या शेऱ्यावरून गाडी चोरीची समजणे चुकीचे होय.

निर्मितीचे वर्ष : दहाव्या स्थानी वर्षाचा संकेत असावा ही आयएसओची शिफारस आहे. या संकेतातून आय, ओ, क्यू यांखेरीज यू, झेड व शून्य हेही वगळतात. राहिलेली एकवीस अक्षरे व नऊ अंक मिळून तीस होतात, म्हणून हे चक्र तीस वर्षांचे. ‘ए’ म्हणजे १९८०, ‘वाय’ २०००, मग १ ते ९ हे अंक २००१ ते २००९ साठी आणि पुन्हा ‘ए’ २०१० साठी. त्यापुढे ‘एच’ २०१७, ‘जे’ २०१८, ‘के’ २०१९, ‘एल’ २०२०, ‘पी’ २०२३, ‘आर’ २०२४. ‘टी’ १९९६ चाही असतो व २०२६ चाही. पण तीस वर्षांचे अंतर अक्षराआधी गाडीच सांगते.

भारतीय नियम वर्षावर थांबत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२२ नुसार, १९९३ च्या दुरुस्तीपासून, ओळख क्रमांकात निर्मितीचा महिनाही असावा लागतो. क्रमांक व गाडीवर लावायच्या माहितीच्या पट्ट्या यांविषयीचे ‘एआयएस-०६५’ हे भारतीय वाहन उद्योगाचे मानक (ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड) आहे. एआयएस मालिकेचे सचिवालय पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या संस्थेकडे आहे. महिन्यासाठी अनेक उत्पादक ‘ए’ ते ‘एम’ ही अक्षरे वापरतात. ‘आय’ वगळल्याने ती बरोबर बारा भरतात. हे अक्षर कितव्या स्थानी असावे यात सर्वांचा मेळ नाही. डिसेंबरात तयार झालेली गाडी जानेवारीत ‘नवीन सालची’ म्हणून खपवली जाते तेव्हा हे एक अक्षर पुरते. शोरूममध्ये ते विचारणारे गिऱ्हाईक विरळा.

सीमाभागातील व्यवहार : बेळगावची नोंदणी ‘केए-२२’, चिकोडीची ‘केए-२३’, बैलहोंगलची ‘केए-२४’, गोकाकची ‘केए-४९’, पलीकडे कोल्हापूर ‘एमएच-०९’ आणि सिंधुदुर्ग ‘एमएच-०७’. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात असला तरी त्याची बाजारपेठ बेळगाव, त्यामुळे बेळगावच्या गॅरेजांत ‘एमएच-०९’च्या गाड्या रोज उभ्या असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्याआधी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते, त्यानंतर नव्या क्रमांकाचा अर्ज (नमुना २७). पाटी बदलते, या दोन्ही कागदांना बांधून ठेवतो तो चासी क्रमांक.

अशा कागदपत्रांसोबत सांगाड्यावरील क्रमांकाचा ठसा मागितला जातो. यास ‘चासी प्रिंट’ किंवा ‘पेन्सिल प्रिंट’ म्हणतात. मोटारसायकलीवर हा क्रमांक बहुधा हँडलखालच्या नळीवर उजव्या अंगाला असतो. हँडल डावीकडे पूर्ण वळवून वायरी बाजूला सारतात, रॉकेलच्या चिंधीने ग्रीस व चिखल पुसतात, पातळ कागद घट्ट धरून शिसपेन्सिल आडवी घासतात. काळ्या पट्ट्यात क्रमांक पांढरा उमटतो. मग वर सेलोटेप चिकटवून ती पट्टी अर्जावर लावतात. कागद हलला की तीनाचा आठ होतो. खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या पावसाने व तांबड्या मातीने नळीवर गंज चढला असेल तर ठसा अर्धवट येतो. अशा वेळी पॉलिशपेपर मारण्याची सवय घातक आहे, कारण घासलेली जागा तपासनिसाला खाडाखोड केल्यासारखी दिसते. अक्षरे खरोखरच पुसली गेली असतील तर परिवहन कार्यालयाच्या परवानगीनेच क्रमांक पुन्हा ठोकून घ्यावा.

लिपीचा एक मुद्दा येथे नोंदवण्याजोगा आहे. पाटीवर रोमन अक्षरे व इंग्रजी अंकच असावेत असा नियम असला तरी या भागात कन्नड व देवनागरी अंकांच्या पाट्या दिसतात, आणि त्यांवरून वाद होतात. चासी क्रमांक त्या वादाबाहेर राहिला आहे. तो कोणालाच दिसत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

जुन्या गाड्या : म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या जावा व येझदी (उत्पादन १९६१ ते १९९६) आणि पहिले बजाज चेतक (१९७२ पासून) यांवरील सुरुवातीचे क्रमांक सतरा चिन्हांच्या पद्धतीआधीचे व आखूड आहेत, त्यांना वरील वाचन लागू पडत नाही. अशा गाडीचा क्रमांक आरसी पुस्तकाशी अक्षरशः जुळवणे एवढेच करता येते. बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकींत चासी क्रमांक पूर्वीसारखाच असून इंजिन क्रमांकाच्या जागी मोटर क्रमांक नोंदवतात.