कव्हेंट्री सिटी: संघ शहराचा, मैदान दुसऱ्याचे

हायफील्ड रोड हे मैदान म्हणजे इंग्लंडमधल्या कव्हेंट्री शहराच्या फुटबॉल क्लबचे, कव्हेंट्री सिटीचे, १८९९ पासूनचे घर. १९९० च्या दशकाअखेरीस क्लबने ते बिल्डरला विकले आणि नवे मैदान उभे राहीपर्यंत तिथेच भाड्याने राहायचे ठरवले. नवे मैदान शहराच्या उत्तरेला, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर व्हायचे होते. पण २००१ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला, पुढच्याच वर्षी सामने दाखवणारी आयटीव्ही डिजिटल ही टीव्ही कंपनी बुडाल्याने टीव्हीचा पैसाही आटला. अर्धवट प्रकल्प सिटी कौन्सिलला हाती घ्यावा लागला. क्लबने त्यातला आपला ५० टक्के हिस्सा हिग्ज या स्थानिक धर्मादाय संस्थेला विकला. पुढची सगळी भांडणे या विक्रीतून निघाली.

२००५ मध्ये सुमारे ३२ हजार आसनांचे हे नवे मैदान, रिको अरेना, सुरू झाले, तेव्हा मांडणी अशी होती: जमीन कौन्सिलची, तिचा ५० वर्षांचा भाडेपट्टा एसीएल या कंपनीकडे, आणि ही कंपनी कौन्सिल व हिग्ज यांची निम्मी-निम्मी. पट्ट्यासाठी एसीएलने कौन्सिलला २ कोटी १० लाख पौंड दिले, तेही बँकेचे कर्ज काढून. त्या कर्जाचे हप्ते भागवण्यात मोठा वाटा क्लबच्या भाड्याचा, वर्षाला सुमारे १३ लाख पौंड. सामन्याला गर्दी क्लबमुळे जमायची, पण पार्किंग आणि खाण्यापिण्याचे उत्पन्न बहुतांशी त्याच्या हातात नव्हते. संघ वरच्या श्रेणीत असता तर हे भाडे कदाचित झेपलेही असते.

डिसेंबर २००७ मध्ये सिसू या गुंतवणूक संस्थेने बुडायला आलेला क्लब घेतला. २०१२ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला, त्याच सुमारास सिसूने भाडे थांबवले. वाटाघाटीत आकडा ४ लाखांपर्यंत खाली आला, तरी तोडगा निघाला नाही. जानेवारी २०१३ मध्ये कौन्सिलने स्वतः १ कोटी ४४ लाख पौंडांचे कर्ज देऊन एसीएलला बँकेच्या पाशातून सोडवले. ही बेकायदा सरकारी मदत आहे, असे म्हणत सिसू कोर्टात गेली. जून २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. एसीएलला आर्थिक कोंडीत पकडण्यासाठीच भाडे रोखले होते, हेही निकालात नमूद झाले. अपिलातही सिसू हरली.

किंमत मोजली ती प्रेक्षकांनी. भाड्याच्या थकबाकीतून क्लबची एक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत प्रशासकाच्या ताब्यात गेली, त्याची शिक्षा म्हणून संघाचे दहा गुण कापले गेले. पुढच्या हंगामात आणखी दहा. २०१३-१४ चे ‘घरचे’ सामने झाले सुमारे ५५ किलोमीटरवरच्या नॉर्थॅम्प्टनमध्ये. मालकाच्या खिशात तिकिटाचा पैसा जाऊ नये म्हणून काही समर्थक मैदानाबाहेरच्या टेकडीवर उभे राहून सामने पाहत. सप्टेंबर २०१४ मध्ये संघ परतला, तेव्हा जिलिंगहॅमविरुद्ध २७ हजारांवर लोक आले.

ही परतीची गाडी रुळावर येते न येते तोच, ऑक्टोबरमध्ये कौन्सिलने आपला हिस्सा वॉस्प्स या हाय विकममध्ये खेळणाऱ्या रग्बी क्लबला विकला. नोव्हेंबरमध्ये हिग्जनेही तेच केले. दोन्ही मिळून साधारण ५५ लाख पौंड, आणि पट्टा ५० वरून थेट २५० वर्षांचा! सिसूशी कौन्सिलचे फाटले होते हे समजण्यासारखे आहे. पण मालक येतात-जातात, अडीचशे वर्षांचा पट्टा राहतो. शहराच्या स्वतःच्या संघाला यात कायमचे भाडेकरू करून ठेवले, ही कौन्सिलची सर्वांत मोठी चूक.

सिसूने या विक्रीलाही कोर्टात आव्हान दिले आणि तिथेही हार पत्करली. पण दावे चालूच राहिल्याने २०१९ मध्ये नवा भाडेकरार अडला: संभाव्य नुकसानभरपाईची हमी वॉस्प्सना हवी होती, सिसूला ती द्यायची नव्हती. संघ दोन हंगाम बर्मिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूजवर खेळला, २०२० मध्ये तिथूनच लीग वन ही तिसरी श्रेणी जिंकला आणि २०२१ मध्ये कव्हेंट्रीत परतला.

मैदानाच्या भरवशावर वॉस्प्सनी ३ कोटी ५० लाखांचे रोखे काढले होते. मे २०२२ मध्ये त्यांची मुदत भरली, परतफेड जमली नाही, आणि ऑक्टोबरमध्ये वॉस्प्स आर्थिकदृष्ट्या कोसळले. उद्योगपती माइक ॲशली यांच्या फ्रेझर्स ग्रुपने १ कोटी ७० लाखांना मैदान घेतले आणि पाठोपाठ कव्हेंट्री सिटीला जागा सोडण्याची नोटीस बजावली. नवा करार झाल्यावर ती टळली. जानेवारी २०२३ मध्ये क्लब सिसूकडून उद्योजक डग किंग यांच्याकडे गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये किंग यांनी फ्रेझर्सकडून मैदानही विकत घेतले. हायफील्ड रोड विकल्यापासून पहिल्यांदाच क्लब आणि मैदान एका हाती आले.