वर्षाच्या मध्यात परदेशी गेल्यास आयकर विवरणपत्र कसे भरावे : पात्रता, कागदपत्रे व प्रक्रिया

आर्थिक वर्ष संपण्यापूर्वीच नोकरीसाठी भारत सोडणाऱ्या व्यक्तीने विवरणपत्राला हात घालण्याआधी आपला निवासी दर्जा निश्चित करावा. कोणते उत्पन्न दाखवायचे आणि कोणत्या सवलती मिळायच्या, हे त्यावरच ठरते. काही देशांत अशा वर्षाचे दोन भाग पाडण्याची सोय असते, भारतात ती नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या संपूर्ण वर्षासाठी दर्जा एकच राहतो.

सर्वसाधारण नियमानुसार वर्षभरात १८२ किंवा अधिक दिवस, अथवा त्या वर्षी किमान ६० आणि आधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी ठरते. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला मात्र, ज्या वर्षी तो जातो त्या वर्षापुरती, ६० ऐवजी १८२ दिवसांची मर्यादा लागू होते. प्रस्थानाचा दिवस भारतातच धरला, आणि तसा धरणेच सुरक्षित, तर २८ सप्टेंबरला निघणाऱ्याचे १८१ दिवस भरतात व तो अनिवासी ठरतो. २९ तारखेला निघणारा निवासी. दिवाळीला आठवडाभर घरी आल्यास तेही दिवस मिळवावे लागतात. ही सवलत नोकरीसाठी जाणाऱ्यालाच असल्याने सोबत गेलेल्या जोडीदाराचा दर्जा वेगळा तपासावा. एकाच घरात एक निवासी आणि एक अनिवासी असणे अगदी शक्य आहे.

अनिवासी व्यक्तीला भारतात मिळालेले किंवा भारतात उद्भवलेले उत्पन्नच दाखवायचे असते : येथील नोकरीचा पगार, घरभाडे, एनआरओ खात्यावरील (अनिवासींचे येथील उत्पन्न जमा होणारे रुपयांतील खाते) व्याज वगैरे. येथे एक खाचखळगा आहे. परदेशातील कंपनीने पगार थेट भारतातील खात्यात जमा केल्यास ते ‘भारतात मिळालेले’ उत्पन्न समजले जाऊ शकते, म्हणून पगार आधी तेथील खात्यात घ्यावा आणि मग घरी पाठवावा. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८७अ ची करसूट केवळ निवासी व्यक्तींना असल्याने, ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे सर्वत्र ऐकू येणारे वाक्य अनिवासींनी आपल्यासाठी धरून चालू नये.

नोव्हेंबरच्या मध्यावर नोकरीसाठी गेलेल्या व्यक्तीचे काम अधिक किचकट असते, कारण सामान्यतः ती त्या वर्षी निवासी राहते आणि मार्चअखेरपर्यंतचा परदेशातील पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागतो. तेथे भरलेल्या कराची वजावट त्या देशाशी असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार मिळते. १९६१ च्या कायद्याखालील वर्षांसाठी त्याकरिता फॉर्म ६७ ऑनलाइन भरावा लागतो. अनेक देशांचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असल्यामुळे तेथील वार्षिक प्रमाणपत्र आपल्या वर्षाशी जुळत नाही, तेव्हा दर महिन्याची पगारचिठ्ठी जपून ठेवावी. याखेरीज परदेशातील खाती व मालमत्ता ‘शेड्यूल एफए’मध्ये नोंदवाव्या लागतात. हे परिशिष्ट ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाचे असते. म्हणजे डिसेंबरमध्ये तेथे उघडलेले खाते याच विवरणपत्रात येते, जानेवारीत उघडलेले येत नाही. काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्यात ही माहिती दडवल्यास १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. किरकोळ शिल्लक असलेले खातेही वगळू नये.

कागदपत्रांत पासपोर्टच्या शिक्के असलेल्या पानांच्या प्रती सर्वांत महत्त्वाच्या, कारण दिवसांचा हिशेब त्यांवरूनच सिद्ध होतो. त्यासोबत नियुक्तिपत्र, व्हिसा, भारतातील मालकाकडचा फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र), फॉर्म २६एएस (आपल्या नावे जमा कराचा तपशील), एआयएस (वार्षिक माहिती विवरण) आणि तेथे कर भरल्याचा पुरावा ठेवावा. कराराचा लाभ अनिवासी म्हणून घ्यायचा असेल, तर त्या देशाचे कर-निवास प्रमाणपत्रही लागते.

पगारदार व्यक्तीने, अनिवासी असो वा परदेशी खाते असलेली निवासी, विवरणपत्राचा आयटीआर-२ हा नमुना वापरावा. आयटीआर-१ तिच्यासाठी नाही. व्यवसायाचे उत्पन्न असल्यास आयटीआर-३. फॉर्ममध्ये निवासी दर्जाचा आधार, मुक्कामाचे दिवस आणि, अनिवासी असल्यास, राहत्या देशाचा करदाता क्रमांक विचारला जातो. आयटीआर-२ ची नेहमीची मुदत ३१ जुलै असते. ती हुकल्यास ३१ डिसेंबरपर्यंत विलंबशुल्कासह विवरणपत्र भरता येते, आणि हे शुल्क ५,००० रुपयांपर्यंत जाते. परतावा हवा असेल, तर आयकर पोर्टलवर आधीच पडताळून घेतलेले बँक खाते लागते.

विवरणपत्र सादर केल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी न केल्यास ते वेळेत भरले असे धरले जात नाही. आधारशी जोडलेले भारतीय सिम बंद पडले की ओटीपी येत नाही, आणि ही अडचण बहुतेकांना तेथे पोहोचल्यावरच कळते. म्हणून ते सिम रोमिंगवर चालू ठेवावे किंवा नेटबँकिंगद्वारे पडताळणी करावी. दोन्ही शक्य नसल्यास आयटीआर-व्ही (विवरणपत्राच्या पडताळणीचा छापील नमुना) ची स्वाक्षरी केलेली प्रत बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे टपालाने पाठवावी. मात्र ती त्याच ३० दिवसांत पोहोचायला हवी.