गुडघा आखडू नये म्हणून: सहा आठवड्यांच्या प्लास्टरपासून पहिल्या दिवसाच्या व्यायामापर्यंत

शस्त्रक्रिया झालेला गुडघा जपायचा की हलवायचा, हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे अस्थितज्ज्ञ ह्यू ओवेन थॉमस दुखऱ्या सांध्याला दीर्घ, अखंड विश्रांती द्या म्हणत. फ्रान्सचे शल्यविशारद ल्युका-शाँपिओनिए हाड मोडल्यावरही लवकर हालचाल सुरू करायला सांगत. बराच काळ थॉमस यांचंच चाललं. १९७०च्या दशकातही लिगामेंटच्या (हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्याच्या) शस्त्रक्रियेनंतर पाय सहा-सहा आठवडे प्लास्टरमध्ये असे. प्लास्टर निघेपर्यंत मांडी बारीक झालेली आणि वाटी जागच्या जागी चिकटलेली असायची.

असं का होतं? सांध्यात साचलेल्या रक्तातून आणि सुजेतून तंतुमय पेशीजाल तयार होतं. ते वाटीच्या वरच्या पोकळीत आणि खालच्या चरबीत घट्ट बसतं. शिवाय सांध्यात थोडं जरी पाणी असलं तरी मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो. तो गुडघा पूर्ण सरळ खेचत नाही आणि पाय किंचित वाकलेलाच राहतो.

टोराँटोचे शल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७०पासून सशांवर प्रयोग करून सांध्याची संथ, सतत हालचाल कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, मानवते हे दाखवलं. त्यातूनच पाय आपोआप वाकवणारं सीपीएम यंत्र आलं. गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवल्यावर, म्हणजे सांधा बदलल्यावर, मात्र त्या यंत्राने फारसा फायदा होत नाही, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं. खरं वळण आणलं ते अमेरिकेचे शल्यविशारद डोनाल्ड शेलबोर्न यांनी. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर सांगितलेलं न ऐकता लवकर हालचाल करणारे रुग्णच चांगले बरे होताना त्यांना दिसले, आणि १९९०मध्ये त्यांनी पहिल्या दिवसापासून पूर्ण सरळ पाय हा नियम मांडला.

मुंबईत केईएममध्ये १९५०च्या दशकात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, १९५५मध्ये हाजी अलीची पुनर्वसन संस्था उभी राहिली. आज सांधा बदललेल्या रुग्णालाही बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं केलं जातं.

घरी सर्वांत जास्त नडते ती गुडघ्याखालची उशी. बरं वाटतं, पण त्याच अवस्थेत गुडघा आखडतो. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मग मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू खाली दाबा, पाच सेकंद धरा. जखम भरल्यावर वाटी बोटांनी वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. टाच अंथरुणावरून घसरवत पाय वाकवणं त्यानंतर. आधी सरळ होणं साधा, कारण चालताना थोडासा राहिलेला वाकही लंगडं करतो. मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवलेला असेल तर किती वाकवायचं ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच ठरवतील. व्यायामानंतर सूज वाढून दुसऱ्या दिवशीही उतरली नाही, तर जोर जास्त झाला.

सपाटीवर चालायला गुडघा साधारण ६० ते ६५ अंश वाकला तरी पुरतं, जिन्याला ८० ते ९०, खुर्चीतून उठायला ९० ते १००. इथल्या घरांत जमिनीवर बसायचं तर १२०च्या पुढे लागतात, आणि सांधा बदलल्यावर ते करायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा. सांधा बदलल्यावर सहा आठवड्यांनी ९० अंशही होत नसतील तर थांबू नका. साधारण तीन महिन्यांच्या आत भूल देऊन गुडघा मोकळा करता येतो. नंतर चिकटलेलं घट्ट होतं, जोर लावल्यास हाड मोडण्याचा धोका असतो, आणि दुर्बिणीतून कापूनच ते सोडवावं लागतं. ताप, लालसर गरम गुडघा किंवा पोटरीत दुखणं दिसलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.