मुलाखत (कारागृह)

कारागृहातील बंदी आणि त्याचे नातेवाईक यांच्या प्रत्यक्ष भेटीला महाराष्ट्रात मुलाखत म्हणतात. बोलण्यात बहुधा ‘मुलाकात’. ही तुरुंगाने केलेली मेहेरबानी नव्हे. फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात (1981) सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबीयांना व मित्रांना भेटणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि स्थानबद्धाला (खटल्याविना डांबलेल्याला) महिन्यातून एकच भेट देणारा दिल्लीचा नियम रद्द केला. तरी भेटीचा वार, वेळ आणि शिस्त कारागृहच ठरवते.

खटला चालू असलेल्या न्यायबंदीला (बोलीत ‘कच्चा कैदी’) साधारणपणे आठवड्याला भेट मिळते, शिक्षाबंदीला त्याहून कमी वेळा. बोलायला पंधरा-वीस मिनिटे मिळतात, गर्दी असली की कमी. अनेक मध्यवर्ती कारागृहांत मध्ये काच असते आणि बोलणे इंटरकॉमवर होते. रांग, नोंद आणि झडती यांत मात्र अर्धा दिवस सहज जातो.

नोंदणी ‘ई-प्रिझन्स’ संकेतस्थळावरील ई-मुलाकात सुविधेतून करता येते. तेथे भेटणाऱ्याचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, ओळखपत्र, बंदीचे नाव आणि त्याच्याशी असलेले नाते भरावे लागते. घोटाळे बहुतेक इथेच होतात. बायकोच्या आधार कार्डावर माहेरचे नाव आणि बंदीने सांगितलेल्या भेटणाऱ्यांच्या यादीत सासरचे, एवढ्यावरूनही खिडकीवर अडवणूक होते. एकाच नावाचे अनेक बंदी असतात. म्हणून वडिलांचे नाव आणि जमल्यास बंदी क्रमांक जवळ ठेवावा. न्यायबंदीच्या तारखेचा दिवस टाळावा, कारण त्या दिवशी तो कोर्टात असू शकतो. दुसऱ्या कारागृहात हलवल्याची खबर घरी उशिरा पोहोचते. लांबून येणाऱ्यांनी आधी वकिलाकडून खात्री करून घेतलेली बरी.

मोबाइल, तंबाखू, रोख रक्कम आत नेता येत नाही. 1894 च्या कारागृह अधिनियमाच्या कलम 41 ने संशय असल्यास भेटणाऱ्याची झडती घेण्याची मुभा दिली, पण ती अन्य बंदी किंवा भेटणाऱ्यांसमोर घ्यायची नाही अशी अटही घातली. झडतीला नकार दिला की प्रवेश नाकारता येतो. निषिद्ध वस्तू आत पोहोचवणाऱ्यास कलम 42 मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली होती. तेव्हा कोणी ‘एवढी पुडी द्या’ म्हणून हातात दिलेली वस्तू घेऊ नये. घरचा डबाही सहसा चालत नाही, त्यासाठी न्यायबंदीला न्यायालयाचा आदेश आणावा लागतो. पैसे बंदीच्या खात्यात जमा होतात आणि त्यातून तो कँटीनमधून वस्तू घेतो.

बोलणे कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली होते, त्यामुळे खटल्यातील साक्षीपुराव्याची चर्चा इथे करू नये. ती वकिलाशी करावी. वकिलाची भेट वेगळी असते आणि ती शक्यतो तिसऱ्याच्या कानाआड व्हावी असा नियम आहे.

लहान मुलांना काचेपलीकडचा बाप ओळखीचा वाटत नाही, हे कारागृह प्रशासनाच्याही लक्षात आले. त्यातून राज्यातील काही कारागृहांत ‘गळाभेट’ सुरू झाली. ठरलेल्या दिवशी मुले आत जाऊन आईवडिलांजवळ बसतात.