देवपूर, वलवाडी की धुळे? कॉलनीतल्या बालपणामागची पार्श्वभूमी

देवपुरातून कोणी पुलाकडे निघालं की घरात सांगून जातं, 'गावात जाऊन येतो.' गाव म्हणजे पांझरा नदीपलीकडचं धुळे. भाजी, कापड, दवाखाना, शाळेची पुस्तकं, सगळं गावात. १९७५ ते १९९५ या काळात देवपूरच्या उत्तरेला वसलेल्या कॉलन्यांमध्ये आमची जी पिढी वाढली, तिच्या बोलण्यात हे वाक्य आजही जसंच्या तसं आहे. हल्ली ही मंडळी आठवणी काढतात तेव्हा गच्चीवरच्या खाटा, पाण्याचे ड्रम, कानबाई या खान्देशी देवीचा सण, मोकळं मैदान असं सगळं येतं. हे सगळं तसं का होतं, याला त्या जागेचा इतिहास आहे. तो फार जुना नाही आणि बराचसा कागदावरच्या एका रेषेने ठरवलेला आहे.

जुनं थोडक्यात. १८०३ च्या दुष्काळात धुळे ओस पडलं, पुढच्या वर्षी पुन्हा वसवलं गेलं. १८१९ मध्ये इंग्रजांनी खान्देशचं मुख्य ठाणं इथे आणलं, कारण पुण्याहून उत्तरेकडे जाणारी वाट इथूनच जात होती. बऱ्हाणपूर आणि इतर ठिकाणांहून व्यापारी-कारागीर बोलावून त्यांना जागा दिल्या, सरळ रेषेत पेठ आखली. गल्ली नंबर एक, दोन, तीन ही नावं त्या आखणीची. देवपूर मात्र तेव्हाही नदीच्या अलीकडे, वेगळं होतं. एकवीरा देवीचं मंदिर, चैत्रातली यात्रा आणि जाऊळ काढायला येणारी खान्देशभरची कुटुंबं ही त्याची ओळख होती. १८७२ च्या महापुरात पांझरेने दोन्ही काठांना दणका दिला, तो जुन्या माणसांच्या तोंडी बराच काळ होता. १९०६ मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले, धुळे पश्चिम खान्देशचं ठिकाण ठरलं आणि कचेऱ्या वाढल्या. कचेऱ्यांमागून नोकरदार आले.

या नोकरदारांपासून आपली गोष्ट सुरू होते. १९७२ च्या दुष्काळानंतर साक्री, शिंदखेडा, शिरपूर या तालुक्यांतल्या खेड्यांतून एकेक शिकलेला मुलगा शिक्षक, ग्रामसेवक, एसटीचा कंडक्टर, बँकेचा कारकून, पाटबंधाऱ्याचा ओव्हरसियर म्हणून धुळ्यात आला. आधी काही वर्षं गल्लीतल्या वाड्यात दोन खोल्या भाड्याने, मग प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून प्लॉट. गावात जागा उरली नव्हती आणि परवडतही नव्हती. वाडीभोकर रोड आणि गोंदूर रोडच्या दोन्ही अंगांना शेतं होती, त्यांचे ले-आउट पडू लागले. १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे शेत बिगरशेती करायचं, त्यात रस्ते आखायचे, दहा टक्के जागा मोकळी सोडायची आणि उरलेले प्लॉट विकायचे. ही दहा टक्के जागा म्हणजे 'ओपन स्पेस'. कॉलनीतल्या प्रत्येक लहान मुलाला हा एक इंग्रजी शब्द शाळेत जायच्या आधी येत होता.

आता त्या गुंत्याकडे येऊ. या घरांचा पत्ता असायचा: अमुक सर्व्हे नंबर, तमुक प्लॉट नंबर, अमुक कॉलनी, देवपूर, धुळे ४२४००२. पोस्टाच्या हिशेबी हे देवपूर होतं. नगरपालिकेच्या हिशेबी नव्हतं. पालिकेची हद्द मध्येच कुठेतरी संपायची. त्यापुढचा बराच भाग वलवाडी ग्रामपंचायतीत, आणखी पुढचा भोकरमध्ये. घरपट्टी ग्रामपंचायतीला, घराचा उतारा नमुना नंबर ८, मतदान सरपंचासाठी आणि जिल्हा परिषदेसाठी. शाळा मात्र पालिकेच्या हद्दीतली, बाजार गावातला, मुलीच्या स्थळाला सांगायचं नाव देवपूर. एकाच रस्त्याच्या डाव्या हाताचं घर शहरात आणि उजव्या हाताचं खेड्यात, अशी अवस्था कित्येक ठिकाणी होती. रेशनकार्डावर वलवाडी, शाळेच्या दाखल्यावर देवपूर, नोकरीच्या अर्जावर धुळे, आणि 'मूळ गाव' या रकान्यात भलत्याच तालुक्यातलं चौथं नाव.

वर्तमानपत्रं या भागाला 'देवपूर उपनगर' म्हणत. बोलण्यात हा शब्द कधीच नव्हता. आम्ही 'कॉलनी' म्हणायचो. वलवाडीची मंडळी आम्हाला 'कॉलनीवाले' म्हणायची आणि आम्ही त्यांच्याकडे 'खेड्यात' दूध आणायला जायचो, जे खेडं दहा मिनिटांच्या चालीवर होतं आणि ज्याचे आम्ही कायद्याने रहिवासी होतो. दूध घालायला आलेला मुलगा दारातून विचारायचा, 'कथा चालना रे भो?', म्हणजे 'कुठे चाललास रे भाऊ?', आणि आम्ही त्याला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचो. आमच्या आई-वडिलांची बोली अहिराणीच होती. ते एकमेकांशी, आणि गावाकडचं कोणी आलं की त्याच्याशी, अहिराणी बोलत. मुलांशी मात्र जाणूनबुजून शुद्ध मराठी. आपण खेड्यातून निघून शहरात आलो, ही गोष्ट त्यांना मुलांच्या जिभेवर दिसायला हवी होती. पण सातबारा सांगत होता की ते शहरात पोचलेच नव्हते. माझ्या मते या पिढीच्या आठवणींचा सगळा गाभा या विसंगतीत आहे.

हद्दीची ही रेषा सगळ्यात ठळक दिसायची ती पाण्यात. पालिकेची नळवाहिनी रस्त्यावरच्या एका मोरीपर्यंत येऊन थांबली होती. त्यापुढे बोअर. बोअरचं पाणी जड, त्यात डाळ शिजायची नाही. सांडलेल्या पाण्याचा डाग वाळला की फरशीवर पांढरी कड उरायची. उन्हाळ्यात कूलरचं गवत जूनपर्यंत खडूसारखं कडक आणि पांढरं होऊन जायचं. वडील ते मृगाच्या आधी काढून अंगणात आपटायचे आणि पांढरी पूड उडायची. पिण्याचं पाणी मोरीअलीकडच्या ओळखीच्या घरातून. तिथेही नळ रोज येत नसे. कधी चार दिवसांनी, कधी आठ, आणि वेळ पहाटेची. नळाला पाणी आल्याची बातमी सायकलवरून यायची. मग सायकलच्या हँडलला दोन कळशा, मागे कॅरिअरला दोरीने बांधलेला डबा, आणि चढावर मागून ढकलणारं एक लहान भावंड. त्या घरची काकू आमची भांडी आधी भरू द्यायची आणि स्वतःचा हौद मागून. तिचं नाव इथे लिहीत नाही, पण तिच्या नळाखालचा दगड आजही डोळ्यांसमोर आहे. मधोमध खोलगट झालेला, कळशी नीट बसेल एवढाच.

नकाणे आणि डेडरगावचे तलाव, पुढे तापीवरून आणलेलं पाणी, असं शहराचं पाणी वाढत गेलं, पण रेषेपलीकडे ते फार उशिरा आलं. तोवर घराघरांत सिमेंटच्या टाक्या बांधल्या गेल्या आणि टँकरचे नंबर भिंतीवर खडूने लिहिले गेले.

गच्चीवर झोपणं हे मात्र खेड्याकडून आलेलं. गावाकडे धाब्याची घरं, त्यावर उन्हाळ्यात अंथरुणं पडायची. कॉलनीत स्लॅब आला, पण मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की स्लॅब रात्री दहापर्यंत आग ओकायचा. म्हणून संध्याकाळी बादलीभर पाणी शिंपडायचं, वाफ निघून जाऊ द्यायची, मग खाटा वर चढवायच्या. दिवसा त्याच गच्चीवर बिबडे, कुरडया, पापड वाळत असत. एकमेकांच्या गच्च्या लागून होत्या आणि कठडे गुडघ्याएवढे, कारण पैसे संपलेले असायचे. त्यामुळे रात्री चार घरं एकाच ठिकाणी झोपल्यासारखी असत.

कानबाईचा सण इथे निराळ्या तऱ्हेने जुळवावा लागला. नागपंचमीनंतरच्या श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या प्रसादासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने धान्याच्या मोजून मुठी घ्यायच्या, आणि रोट भाऊबंदांनीच खायचे. भाऊबंद तर गावाकडे. सुरुवातीची वर्षं सगळी कॉलनी त्या शनिवारी रिकामी व्हायची, देवपूर बसस्थानकावर पाय ठेवायला जागा नसायची. पुढे गावाकडची एकत्र घरं फुटली, काहींनी वाटणीत कानबाई धुळ्यात आणली आणि सोमवारची मिरवणूक कॉलनीतून पांझरेकडे जाऊ लागली. ज्या वर्षी आपल्या घरी कानबाई बसली, त्या वर्षी हे घर खरं 'आपलं' झालं, असं अनेक आया सांगतात. भाद्रपदातली गुलाबाई, म्हणजे मुलींचा गाण्यांचा सण, मात्र पहिल्यापासून कॉलनीचीच होती. तिला भाऊबंद लागत नव्हते, फक्त शेजारच्या मुली आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायची हौस पुरेशी होती.

१९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि देवपूरचं रूप पालटलं. बाहेरगावची मुलं आली, प्रत्येक घराने मागच्या बाजूने किंवा वर एक जिना काढून 'रूम' बांधली. त्या भाड्यात कर्जाचे हप्ते फिटले. गच्चीवरच्या खाटा इथून कमी होत गेल्या, कारण गच्चीवर आता भाडेकरू होता.

मग हद्दवाढ. २००३ मध्ये धुळ्याची महापालिका झाली तरी हद्द जुनीच राहिली. शहराची निम्मी वाढ हद्दीबाहेर आणि खर्च हद्दीतल्या करातून, ही प्रशासनाची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. आम्ही रस्ते, बाजार, दवाखाने शहराचे वापरत होतो. अखेर २०१८ च्या जानेवारीत वलवाडी, भोकर, नकाणे, महिंदळे, अवधान यांसह ११ गावं शहरात घेतली गेली आणि त्याच डिसेंबरात त्यांनी पहिल्यांदा नगरसेवकासाठी मतदान केलं. गावांचा विरोध होता. घरपट्टी वाढेल, ग्रामपंचायतीचा निधी जाईल, शेती करणाऱ्यालाही शहरी कर बसेल, ही भीती होती. कॉलनीवाल्यांमध्ये दोन तट पडले. जे निवृत्त झाले होते त्यांना वाटलं, चाळीस वर्षांनी का होईना, आपण शहरात आलो. ज्यांचे वलवाडीशी संबंध होते, ते म्हणत की सरपंचाच्या दारात जाऊन खांबावरचा दिवा लावून घेता येत होता, आता अर्ज करून वाट पाहावी लागेल.

इथे मी बाजू घेतो. कर वाढला याचं मला काही वाटत नाही, पाणी-गटारीची सोय हवी तर तो द्यायलाच हवा. पण ग्रामपंचायतीच्या काळात जे एक काम रहिवाशांनी स्वतः केलं होतं, ते कुठल्याच नोंदीत आलं नाही. ओपन स्पेस त्यांनी राखली होती. आमच्या ले-आउटमधल्या जागेत लोकांनी वर्गणी काढून तारेचं कुंपण घातलं, कडुनिंबाची रोपं लावली आणि बोअरच्या त्याच जड पाण्यावर ती जगवली. दुसऱ्या एका ले-आउटमध्ये तशीच जागा हद्दवाढीच्या आधीच अर्धी बांधकामाखाली गेली होती, कोणी अडवलं नाही. कागद एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे गेले तेव्हा कुठली जागा मोकळी होती आणि ती कोणी मोकळी ठेवली, हे तेव्हाच लिहून घ्यायला हवं होतं. ज्यांनी लिहून दिलं असतं ती माणसं तेव्हा हयात होती. आता त्यांतली बरीच नाहीत.

वडिलांच्या फाइलीत नमुना ८ चे उतारे अजून आहेत, दर वर्षाचे, पंचिंग करून लावलेले. शेवटचा २०१७ चा. त्याच्या पुढे महापालिकेची बिलं सुरू होतात आणि गावाच्या रकान्यात धुळे येतं. लग्नपत्रिकांवर मात्र अजून 'देवपूर, धुळे' असंच छापतात.

आमच्यातले बरेच जण आता पुण्या-नाशिकला असतात. दिवाळीत रजा टाकताना ऑफिसात सांगतात, 'गावी चाललोय.' म्हणजे देवपूरला. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरतात, चहा होतो, आणि आई पिशवी हातात देते: 'गावात जातोस का? शेवभाजीला शेव आण अर्धा किलो, जाडी.'