घराचं जोतं की सशांचा ढिगारा?

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या डार्टमूर माळाचे हवाई फोटो बघताना उतारावर लांबट, आयताकृती उंचवटे दिसतात. त्यांतले काही मध्ययुगीन शेतकऱ्यांच्या ओसाड पडलेल्या घरांचे, तर काही चक्क पाळीव सशांना बिळं करता यावीत म्हणून रचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांचे. या ढिगाऱ्यांना तिकडे ‘पिलो माउंड’ म्हणतात. नॉर्मन लोकांच्या काळात इंग्लंडमध्ये मांसासाठी आणि फरसाठी ससे पाळायची पद्धत रुजली. डार्टमूरवर डिट्सवर्दी वॉरन या ससे पाळायच्या जुन्या माळाच्या परिसरात असे ढिगारे भरपूर आहेत.

गफलत होते ती मापांमुळे. ढिगारे साधारण १५ ते ४० मीटर लांब असतात आणि मोठ्या घराची लांबीही त्याच मापात बसते. त्यात दिशाही बहुतेक वेळा सारखीच, उताराला धरून. घरात वरच्या अंगाला माणसं राहायची, खालच्या अंगाला गुरं; गोठ्यातली घाण नालीवाटे खालच्या बाजूने बाहेर जायची. ढिगारा तसा रचला की बिळांत पाणी तुंबत नाही.

म्हणून आधी मधला भाग बघावा. घर आतून खोलगट असतं. चारी बाजूंना भिंतींच्या ढासळलेल्या दगडांचे बांध, लांब भिंतींमध्ये समोरासमोर दोन खिंडी म्हणजे दारं, आणि वरचं टोक बहुधा डोंगरात खोदून बसवलेलं. ढिगारा मात्र मध्ये भरीव, वर सपाट, आणि भोवती उथळ चर. त्या चराचीच माती वर टाकलेली असते.

पण फोटो इथे हमखास फसवतो. आपली नजर उजेड वरून येतो असं धरून चालते. उत्तर दिशा वर ठेवलेल्या फोटोत मात्र सूर्य खालून, म्हणजे दक्षिणेकडून असतो. मग उंचवटा खड्डा वाटतो आणि खड्डा उंचवटा. फोटो सरळ उलटा फिरवावा, भ्रम जातो. हिवाळ्यातल्या कलत्या उन्हातले फोटो सगळ्यात चांगले. उन्हाळ्यात नेचे वाढले की काही दिसत नाही.

तरीही खात्री पटत नसेल, तर शेजार तपासावा. माझा भरवसा यावरच जास्त. डार्टमूरवरच्या हाउंड टॉर या ओसाड मध्ययुगीन वस्तीत घरांजवळ परसाचे बांध आहेत, धान्य वाळवायच्या भट्ट्या असलेली कोठारं आहेत, आसपास जुनी शेतं आहेत. सशांच्या माळावर शेतीचा असा पसारा नसतो. तिथे दिसतात मुंगसासारख्या शिकारी प्राण्यांना पकडायला बांधलेले छोटे दगडी सापळे, त्यांच्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बुटक्या भिंतींसकट.

अवघड प्रकरण एकच: बिळं खचून ढिगाऱ्याचा माथा बसतो आणि मध्ये घरासारखाच खोलवा तयार होतो. अशा वेळी भोवतीचा चर शोधायचा. घराला पाणी वळवायला वरच्या बाजूने चर असेलही, पण चहूबाजूंनी नसतो. तोही बुजलेला असेल तर फोटो बाजूला ठेवून माळावर जावं लागतं.